पाऊण गड

मी आयुष्यात एकच गड चढलो आहे, आणि तोही पाऊणच. तरीसुद्धा आमच्या नात्यातलं कुणी पहिल्यांदा डोंगरावर निघालं की आमची ही त्याला माझ्याकडे पाठवते. "काय करायचं ते मी सांगीन," ती म्हणते, "पण काय करायचं नाही ते आधी यांच्याकडून ऐकून ये. त्यात यांचा हात कुणी धरणार नाही." पोरं हसत येतात, मी गंभीर तोंड करून सांगतो, आणि ती जास्तच हसत परत जातात.

गडाचं नाव मी लिहिणार नाही. वाईच्या आसपासचा आहे, एवढं पुरे. चौथीतली पोरं डबे घेऊन तिथे सहलीला जातात. माझी फजिती नेमकी कुठे झाली हे छापून आलं, तर उरलीसुरली अब्रूही जाईल.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी सांगलीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. सांगली म्हणजे परातीसारखं सपाट गाव. नदीवरच्या पुलाकडे सायकल चढवताना आम्ही सीटवरून जरासे उठतो, तोच आमचा घाट. नोकरीत चढ होता तो शिडीचा. जाडजूड ग्रंथ वरच्या फळीवर असायचे, आणि कुणी मागितलेच तर मी आधी "खालचं एखादं चालेल का?" असं विचारून बघायचो. बहुतेकांना चालायचं.

अठ्ठाविसाव्या वर्षी मला वाईचं स्थळ आलं. मुलीचे वडील तिथे शाळेत मास्तर होते, मुलगी बीएस्सी झालेली. आई, उंब्रजचे मामा आणि मी असे तिघं जाऊन आलो. पोहे झाले, चहा झाला, आणि मास्तर मला म्हणाले, "विचारा काही विचारायचं असेल तर." माझ्या डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. मी म्हणालो, "आमच्याकडेही कृष्णाच आहे."

"हो ना," ती म्हणाली, "आमचं वापरून झालं की तुमच्याकडे पाठवतो."

सगळे हसले, आई सोडून. मी एरवी मेथीची जुडी घेतानाही चार गाड्या फिरणारा माणूस. पण त्या दिवशी, हातात पोह्यांची बशी असतानाच, मला पक्कं कळलं की लग्न करीन तर हिच्याशीच. परतीच्या गाडीत आई मुलीच्या तोंडाळपणाबद्दल बोलत होती आणि मी खिडकीतून नदी दिसते का ते बघत होतो.

आठ दिवसांनी मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं ठळक होतं. "मंडळी आवडली. आमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे मुलाला आता एकदा गडावर पाहू. चहाच्या कपासमोर माणूस कळत नाही, चढावर कळतो, असा आमचा अनुभव आहे. येताना वापरातले बूट व प्रत्येकी दोन बाटल्या पाणी आणावे. कळावे."

"जावई बघतायत का बैल?" आई म्हणाली.

मी जाणार असं सांगितल्यावर तिने "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" असं म्हणून हात जोडले. गुडघ्यांचा उल्लेख पुढे फार खरा ठरला. पण आई ती आई. तासाभराने तिने भडंगाची तयारी सुरू केली. सांगलीचा माणूस गाव सोडून कुठेही निघाला, अगदी दवाखान्यात निघाला तरी, सोबत भडंग असतो. चुरमुऱ्यांना तेल, लसूण, लाल तिखट आणि शेंगदाणे असे काही चोळलेले असतात की एक घास खाल्ल्यावर दुसरा खावाच लागतो. आईने पीठ ठेवायच्या डब्याएवढा डबा भरून भडंग केला. "चढावर भूक लागते," ती म्हणाली. चढावर तहानही लागते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाकीची तयारी मामांनी अंगावर घेतली. मामा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं खाकी कपड्यात जिल्हाभर फिरलेले. "आरं गड्या, सातारा जिल्ह्यातला एक बी गड म्या सोडला न्हाई," असं ते पहिल्यापासून सांगायचे, आणि आमच्या घरात त्यावर शंका घ्यायची पद्धत नव्हती. त्यांनी एकही गड सोडला नव्हता हे खरंच होतं. पण ते सगळे त्यांनी गाडीच्या खिडकीतून बघितले होते, हे मला लग्नानंतर कळलं.

मामा मुद्दाम रजा टाकून सांगलीला आले आणि त्यांनी पोस्टकार्ड तपासायला घेतलं. वापरातले बूट? "पोरगी बगाय जातोयस आन् पीटीचे बूट घालनार? इज्जत हाय का न्हाई?" मग मारुती रोडवरून काळे, चकचकीत, कातडी तळव्याचे नवे बूट आले. आणि दोन बाटल्या पाणी? मामा हसले. "थंडीचं दिस. घाम न्हाई तर पाणी कशाला? आन् गडावर टाकं असतंयच की. मास्तर मानूस, कार्डावर जागा उरली म्हून लिवलंय." मला ते पटलं. दारात बारमाही नदी असलेल्या माणसाला पाणी बरोबर न्यायचं हेच मुळात चमत्कारिक वाटतं. पाणी असतंच, अशी आमची एकूण समजूत.

सरावासाठी मामांनी बाजारातून हळदीचं रिकामं पोतं आणलं, त्यात अर्धा मण गहू भरला, आणि ते माझ्या पाठीवर देऊन मला गच्चीचा जिना चढायला लावलं. चौदा पायऱ्या, वीस फेऱ्या. मामा खाली उभे राहून तोंडाने टिंग करायचे. एकदा टिंग म्हणजे थांब, दोनदा टिंग-टिंग म्हणजे चल. पोत्यात जुनी हळद बरीच उरलेली होती. पहिल्याच संध्याकाळी माझी मान, कान आणि बनियन पिवळंजर्द झालं. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "हे काय, हळद लागलीसुद्धा? आम्हाला बोलावलं नाहीत!" तिसऱ्या दिवशी माझी पाठ धरली. आईने कढत तेलात आणखी हळद घालून चोळली आणि सराव संपल्याचं जाहीर केलं.

तुळशीची लग्नं होऊन गेल्यावरचा रविवार ठरला. आदल्या दिवशी मी उंब्रजला मामांकडे मुक्काम केला आणि सकाळच्या गाडीने आम्ही वाई गाठली. स्टँडवर मास्तर आणि त्यांची मुलगी उभे होते. मास्तरांच्या गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिट्टी होती. तिने ओढणी खांद्यावरून कमरेला घट्ट बांधली होती, आणि तिच्या कॅनव्हासच्या बुटाला अंगठ्यापाशी भोक होतं. पाठीवरच्या पिशवीतून दोन बाटल्यांची तोंडं बाहेर डोकावत होती.

मी टेरिकॉटची पँट, स्वेटर, मफलर आणि कानटोपी अशा वेषात होतो. कानाला वारा लागू नये अशी आईची सक्त ताकीद होती. पाठीवरची पिशवी इतकी फुगली होती की एसटीच्या दारातून मला तिरकं उतरावं लागलं.

मास्तर आधी माझ्या बुटांकडे बघत राहिले. "नवीन का?"

"हो."

"पाणी आहे ना?"

आता पिशवीत काय होतं ते सांगतो. डबा मावेना म्हणून आईने कागदात बांधून दिलेला भडंग. छत्री. जादा स्वेटर. फणी, आरसा आणि पावडरचा डबा, कारण वर पोहोचल्यावर चेहरा बरा दिसायला हवा. पाणी नव्हतं. पण एवढी मोठी पिशवी पाठीवर असताना "नाही" म्हणणं मला शक्यच झालं नाही. मी पिशवीवर थाप मारली आणि म्हणालो, "आहे की!"

पायथ्याच्या गावात मारुतीच्या देवळापाशी मामांनी पारावर बैठक मारली. "म्या हितनंच ध्यान ठिवतो," ते म्हणाले, "कुनीतरी खाली पायजेच." मास्तरांनी आम्हा दोघांना समोर उभं करून नियम सांगितले. ते नियम मला आज तोंडपाठ आहेत, कारण पुढे बायकोने पाठ करून घेतले. घोट घोट पाणी तहान लागायच्या आधीपासून प्यायचं. चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की समजायचं, वेग जास्त झाला. जमेना झालं तर तसं सांगायचं, त्यात लाज नाही. आणि शिट्टीचा नियम. त्या दिवशी मात्र यातलं अक्षरही माझ्या कानात शिरलं नाही. एकतर कानटोपी होती, आणि शिवाय ती तेव्हा वाकून बुटाची नाडी बांधत होती.

आम्ही निघालो. मास्तर पुढे, ती मध्ये, मी मागे. पहिल्या दहा मिनिटांत मफलर गेला, पुढच्या पाचांत कानटोपी. दोन्ही पिशवीत कोंबली. वाट मुरमाची होती आणि माझे कातडी तळवे त्यावर लोण्यासारखे घसरत होते. दोन पावलं वर गेलो की एक पाऊल खाली यायचो.

तेवढ्यात वरून दोनदा शिट्टी वाजली. माझ्या अंगात तीस वर्षं एसटीत काढलेल्या मामांची शिकवण होती. दोन म्हणजे चल. मी उरलासुरला दम गोळा करून तडातडा चढलो, आणि झाडाखाली निवांत बसून पाणी पिणाऱ्या बापलेकींना ओलांडून पुढे गेलो. दोघंही माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, छाप पडली. मग एकच शिट्टी वाजली. एक म्हणजे थांब. मी थांबलो. ती दोघं उठली आणि मला ओलांडून निघून गेली.

असं चार वेळा झालं. त्यांची विश्रांती ती माझी धाव, आणि त्यांची चाल तो माझा मुक्काम. त्या मुक्कामात करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे मी भडंग खायचो. प्रत्येक मुठीनंतर तोंड आणखी कोरडं पडायचं, आणि ते विसरायला मी आणखी एक मूठ खायचो. चौथ्या मुक्कामाला माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. त्याच सुमाराला करवंदीच्या जाळीतून अंग चोरून जाताना पिशवीच्या तळाला काटा लागला आणि टरकन आवाज झाला. मला वाटलं पँट फाटली. हात लावून बघितलं, पँट शाबूत होती. म्हणून निश्चिंत होऊन पुढे गेलो.

एका वळणावर ती थांबली होती. "बाबा म्हणाले, जरा बोलत चला," ती म्हणाली. "मगाशी तुम्ही आम्हाला सोडून पळत सुटलात, म्हणजे दम चांगला दिसतोय तुमचा."

"हं," मी म्हणालो. एवढंच निघालं.

"मला लग्नानंतर नोकरी करायचीय. चालेल?"

"हं."

"स्वयंपाक दोघांनी अर्धा अर्धा करायचा, असं मला वाटतं."

"हं."

ओढणीची गाठ आवळत ती म्हणाली, "आणि दर महिन्याला एक तरी गड. दोघांनी."

माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा काजवे चमकत होते. तिने माझ्याकडे माझं घर मागितलं असतं, नोकरी मागितली असती, तरी माझ्याकडे उत्तर एकच होतं. "हं," मी म्हणालो.

ती खूश होईल असं मला वाटलं होतं. पण तिचा चेहरा उतरला. "बरं," ती म्हणाली, आणि भराभरा वर निघून गेली. काहीतरी बिघडलं हे मला कळलं, काय ते कळेना. वरून एक शिट्टी आली. मी इमानेइतबारे थांबलो, आणि या खेपेला पाय पुन्हा हलेचनात. वाटेच्या कडेला एक आडवा, म्हशीच्या पाठीसारखा गुळगुळीत कातळ होता. त्यावर मी बसलो. टाचांवर फोड आले होते, गुडघे लटपटत होते, आणि घसा असा कोरडा पडला होता की हाक मारायचीही सोय नव्हती. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते मामांसारख्या माणसांनी खिडकीतून बघूनच म्हटलं असणार.

खरं सांगतो, त्या कातळावर मला रडू यायचं बाकी होतं. तहानेपेक्षा तिचा उतरलेला चेहरा जास्त छळत होता.

तेवढ्यात खालून शिंकण्याचा आवाज आला. एक नाही, दहा-वीस. मग वळणावरून मेंढरं आली, माना खाली घालून, वाटेवरचं काहीतरी टिपत, मध्येच शिंकत. त्यांच्या मागून खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा धनगर आला. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातली ही माणसं दिवाळी झाली की कळप घेऊन आमच्या या हिरव्या पट्ट्यात उतरतात.

"आवं पावनं," तो म्हणाला, "ह्यो भडंग तुमचा न्हवं? पार खालच्या जाळीपासनं सांडत आलायसा. माजी मेंढरं वाट सोडून तुमच्या मागं लागल्यात. लय तिकाट हाय वं, समदी शिंकाय लागल्यात."

मी पिशवी पुढे घेतली. तळाला दोन बोटं जातील एवढं भोक होतं. म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. त्याच्या खांद्याला ओलं गोणपाट गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कॅन होता. तो त्याने पुढे केला.

"नको," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "आहे माझ्याकडे." खोट्याची सवय किती लवकर लागते बघा.

त्याने माझी पिशवी उचलून कानाशी हलवली. आतून फणी आणि पावडरचा डबा एकमेकांवर आपटले. "ह्यात पान्याचा आवाज न्हाई," तो म्हणाला. "कंचं गाव?"

"सांगली."

"सांगली? आन् ताननं मराय लागलायसा?" तो कपाळावर हात मारून माझ्या शेजारी बसला. "आमच्याकडं मान तालुक्यात पाऊस न्हाई, हिरीत पाणी न्हाई. म्हून आमचं शेंबडं प्वार बी भाईर पडताना पैलं पाणी बगतं. तुमच्या दारात नदी. तुमाला वाटतं, जाईल तितं ती मागनं यील."

मला त्याच्यावर रागवायचं होतं, पण त्याचं खरं होतं. एवढ्यात वरून खडे घरंगळले. मी येत नाही म्हणून बापलेक परत उतरून आली होती. मास्तरांनी मेंढरांकडे, धनगराकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"काय झालं? पाणी संपलं का तुमचं?"

एवढं सोपं होतं ते. मास्तरांनी स्वतःच निमित्त माझ्या हातात ठेवलं होतं. "हो, संपलं," एवढं म्हणालो असतो की सगळं निभावलं असतं. धनगर माझ्याकडे टक लावून बघत होता, पण तो काही बोलला नसता. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, लांब धरणाच्या पाण्याकडे बघत होती. आणि मला वाटलं, हिच्याशी जन्मभर राहायचं तर सुरुवात अशी नको. स्थळ गेलं तर गेलं.

"संपलं नाही," मी म्हणालो. "मी आणलंच नव्हतं. स्टँडवर खोटं बोललो. बूट चावतायत, गुडघे गेलेत. मला पुढे जमणार नाही."

धनगराने कॅनचं झाकण काढलं. "घोट घोट," तो म्हणाला, "म्हशीवानी पिऊ नगा." मी घोट घोट प्यायलो. इतकं गोड पाणी मी त्याआधी प्यायलो नव्हतो, आणि आम्ही तर कृष्णाकाठचे.

घसा ओला झाल्यावर मला आणखी धीर आला. मी तिला म्हणालो, "आणि मगाशी तुम्ही विचारत होतात, तेव्हा मी हं हं करत होतो ना, तो होकार नव्हता. तो दम होता."

मास्तर खोकले. तिने हळूच मान वळवली. मग ती समोरच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "आता दम आहे?"

"आहे."

"मग परत विचारते. लग्नानंतर नोकरी?"

"करा. आमच्या ग्रंथालयातच बायका आहेत नोकरीला, माझ्यापेक्षा शिडी चांगली चढतात."

"स्वयंपाक?"

"मला भात येतो. पोळ्या शिकेन. पण पहिले सहा महिने त्या तुम्हाला खाववणार नाहीत."

"आणि दर महिन्याला गड?"

मी बुटांकडे बघितलं, वरच्या कड्याकडे बघितलं. "नाही," मी म्हणालो. "तुम्ही जा. मी आडवा येणार नाही. पायथ्यापर्यंत सोडायला येईन. पण वर येणार असं मी आज सांगितलं, तर ते मगाशी पाण्याचं सांगितलं तसंच होईल."

एक मेंढी शिंकली. आणि ती हसायला लागली, पोह्यांच्या दिवशीसारखी. "याआधी दोघं आले होते," ती म्हणाली. "दोघंही थेट वरपर्यंत गेले, आणि सगळ्याला हो म्हणत गेले. खाली उतरल्यावर एकाची पत्रिका जुळेना, आणि दुसऱ्याच्या आईला सुनेची नोकरी चालेना. मगाशी तुम्हीही हं हं करायला लागलात, तेव्हा मला वाटलं, हा तिसरा." मग तिने वडिलांकडे वळून म्हटलं, "बाबा, उतरूया."

मास्तरांनी एक शिट्टी वाजवली. मी जागचा हललो नाही.

"अहो, चला!" मास्तर म्हणाले. "एक म्हणजे चला, दोन म्हणजे थांबा. पायथ्याला सांगितलं नव्हतं का?"

मी मामांचा टिंगचा नियम सांगितला. मास्तर कातळाला टेकून, शिट्टी हातात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. धनगराला काय झालं ते कळलं नाही, पण तोही हसला. जाताना उरलेला भडंग मी त्याला देऊ केला. "नगं," तो म्हणाला, "आता हिकडं मलाच शिंका यायच्या."

पारावर मामा घोरत होते. "काय, फत्ते?" त्यांनी डोळे चोळत विचारलं.

"गड राहिला," मास्तर म्हणाले. "पण तुम्ही घरी विचारून तारीख कळवा."

लग्न माघात झालं. शेजारच्या काकू हळदीला आल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्यांदा का?" आमच्या हिने वर्षाच्या आत सांगलीत शाळेत नोकरी धरली. माझ्या पोळ्या आठव्या महिन्यात खाण्याजोग्या झाल्या, म्हणजे मी दोन महिने चुकलो. दर महिन्याच्या एका रविवारी ती वडिलांबरोबर कुठल्या ना कुठल्या गडावर जायची, आणि मी पायथ्याच्या देवळात मामांशेजारी बसून ध्यान ठेवायचो.

सहा-सात वर्षं अशी गेली. मास्तर निवृत्त झाले. आमची मुलगी पाच वर्षांची झाली आणि आईचं बोट धरून चढायला लागली. एका थंडीत पुन्हा त्याच गडाचा बेत झाला. माझा कातळ मला बघायचा होता, म्हणून तेवढ्यापुरता मीही निघालो, जुन्या कॅनव्हासच्या बुटांत, पाठीवर दोन बाटल्या घेऊन. मायलेकी पुढे गेल्या. मास्तर मागे राहिले, माझ्याबरोबर. जावयाला सोबत म्हणून, असं ते म्हणाले.

मास्तर म्हणजे बोलका माणूस. वाटेतल्या प्रत्येक झाडाचं नाव सांगणार, मला ते परत विचारणार. त्या दिवशी जाळी मागे पडली तरी ते काही बोलले नव्हते. मी विचारलं, "बाबा, थंडी कमी आहे ना यंदा?"

"हं," ते म्हणाले.

तो हं माझ्या चांगल्या ओळखीचा होता. जगात त्याची पारख माझ्याइतकी कुणाला नसेल. तरी खात्री करावी म्हणून मी म्हणालो, "बाबा, मामांना तुमची ती शिट्टी हवीय. देऊन टाकूया का?"

"हं," ते म्हणाले. ज्या शिट्टीला त्यांनी सख्ख्या नातीला हात लावू दिला नव्हता, ती.

कातळ दहा पावलांवर होता. मी त्यांचा दंड धरला आणि म्हणालो, "बाबा, मला आता जमत नाही. बसूया."

ते बसले. बराच वेळ त्यांची छाती वरखाली होत होती. मी बाटली उघडून दिली आणि घोट घोट प्या असं सांगितलं. त्यांनी ऐकलं. अर्धी बाटली संपल्यावर त्यांनी खाली बघत, मायलेकींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "तुम्हाला नाही हो. मला जमेनासं झालंय."

"माहीत आहे," मी म्हणालो. "त्यात लाज नाही. नियम तुमचाच आहे."

वरच्या वळणावर त्या दोघी दिसत होत्या. मास्तरांनी गळ्यातली शिट्टी ओठांशी नेली, पण फुंकर निघेना. मग त्यांनी दोरी डोक्यावरून काढली आणि शिट्टी माझ्या हातात दिली. मी ती दोनदा वाजवली. वर चाललेल्या दोघी थांबल्या आणि वळून आमच्याकडे यायला लागल्या.